संकासुराचा गुन्हा

तळेरे परिसरातल्या जत्रांतून आडदशावतारात काळ्या वेशातला संकासुर मालवणीत थट्टा करतो, प्रेक्षक त्याच्यावर जीव टाकतात. तरी विष्णू त्याला मारतोच. गुन्हा काय? वेद पळवले! (शंबूकाचा तरी कोणता होता? तपश्चर्या!) प्रल्हाद 'राक्षसकुळातला सज्जन' ठरला, कारण तो बापाविरुद्ध गेला. त्याचाच नातू, दानशूर बळी, आपल्यांचाच राजा राहिला, त्याला पाताळ. आज ऑनलाइन खेळांत दुष्ट वंशातले भले पात्र वठवणारी मुले हाच अपवाद रंगवतात. अपवादाचे कौतुक केले की वंशावरचा शिक्का शाबूत राहतो. तो मारला कोणी, हे जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी'त विचारले. आमच्या संकासुराच्या तोंडी तो प्रश्न अजून कोणी घातलेला नाही.