काफीचे दोन कॉर्ड

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जवारी लागत असलेला तंबोरा ज्याने ऐकला आहे, त्याच्या कानाला हार्मनी परकी नसते. कारागीर घोडीवर सूत सरकवत खर्जाची तार छेडत राहतो आणि एका क्षणी, कुणीही न लावलेला गंधार तारेतून वर येतो. तारेच्या मूळ कंपनाच्या तिपटीला पंचम असतो, पाचपटीला हा स्वयंभू गंधार. पंचमाची तारही याच न्यायाने रिषभ आणि शुद्ध निषाद देते. दोन्ही तारांचे मिळून सा ग प नि रे झाले. जॅझ वाजवणारा गिटारवादक या पाच स्वरांच्या कॉर्डला मेजर नाइन्थ म्हणतो. म्हणजे जॅझमधला हा भरजरी वाटणारा कॉर्ड मिरजेत तंबोरा जुळवताना रोज वाजतो.

तरीही तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला गिटारवरचा तोच कॉर्ड किंचित टोचतो. याचे कारण पडद्यांत आहे. गिटारचे पडदे सप्तकाचे बारा समान भाग करतात. एका भागाचे १०० सेंट धरले तर तंबोऱ्याचा गंधार षड्जापासून ३८६ सेंटांवर येतो आणि गिटारचा ४००वर. हा १४ सेंटांचा चढेपणा इथल्या माणसांनी फार पूर्वीच मनावर घेतला होता. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांचे बावीस श्रुतींवरचे इंग्रजी पुस्तक १९१० साली आले. त्यांच्या या शोधात मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे साह्य होते. समान भागांत जुळवलेल्या पेटीच्या सुरांविषयी देवलांची जी तक्रार, तीच गिटारच्या पडद्यांनाही लागू पडते आणि ती खरी आहे. गिटार शिकणाऱ्याने ती झटकून टाकू नये. जॅझकडे जाणारी वाट त्या तक्रारीतूनच सापडते, असे मला वाटते.

ही वाट म्हणजे जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचे ‘सो व्हॉट’. २ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचे ध्वनिमुद्रण झाले. मुख्य धून पॉल चेंबर्स बासवर मांडतो आणि प्रत्येक वाक्यानंतर दोन कॉर्डचे उत्तर येते. आधी बिल एव्हान्सचा पियानो एकटा उत्तर देतो, मग ट्रम्पेट आणि दोन सॅक्सोफोन त्याला मिळतात. पहिला कॉर्ड किंचित धरलेला, दुसरा लगेच तोडलेला. एवढेच.

आपल्या भाषेत सांगायचे तर षड्ज पांढरी दोन आणि स्वर काफीचे. गिटारच्या बाराव्या पडद्यावर तर्जनी आडवी ठेवून सहावीपासून दुसरीपर्यंतच्या पाच तारा छेडल्या की पहिला कॉर्ड तयार. तेच बोट तसेच दहाव्या पडद्यावर आणले की दुसरा. गिटार ज्या अंतरांनी जुळवतात, नेमक्या त्याच अंतरांनी हा कॉर्ड बांधला आहे: खालून तीनदा षड्ज-मध्यमाचे अंतर आणि माथ्यावर एक गंधाराचे. आता देवलांची मोजपट्टी लावून पाहा. शुद्ध मध्यम ४९८ सेंटांवर, गिटारचा ५००वर. फरक फक्त दोन सेंटांचा. समान पडद्यांचा दोष मध्यमाच्या अंतरांत जवळजवळ नाहीसा होतो, तो उरतो फक्त माथ्यावरच्या अंतरात. म्हणून हा कॉर्ड टोचत नाही, मोकळा वाटतो.

पण खरी मौज स्वरांच्या निवडीत आहे. पहिल्या कॉर्डमध्ये खालून वर रे, प, सा, म, ध. गंधार नाही, निषादही नाही. ज्या दोन कोमल स्वरांनी काफी ओळखायची, तेच राखून ठेवले आहेत. दुसऱ्या कॉर्डमध्ये सा, म, नि, ग, प. राखलेले दोन्ही कोमल स्वर एकदम येतात आणि काफीचे सातही स्वर दोन ठोक्यांत पुरे होतात. वादी स्वर उशिरा दाखवून उत्कंठा वाढवणारा गवई आपण ऐकलेला असतो. इथे तेच काम क्षणार्धात होते.

‘सो व्हॉट’ची एक फेरी म्हणजे चार-चार मात्रांची ३२ आवर्तने, त्यातली पहिली सोळा पांढरी दोनमध्येच फिरतात. मग आठ आवर्तनांसाठी षड्ज उचलून काळी दोनवर ठेवला जातो. तंबोरा लावून गाणाऱ्याला हे करायचे तर खुंट्या पिळाव्या लागतील. गिटारवर बोट एक पडदा पुढे, तेरावर आणि मग अकरावर. मागे पांढरी दोनचा तंबोरा चालू ठेवून ही आठ आवर्तने वाजवून पाहावीत. तो झगडा ऐकण्यासारखा आहे, कारण काळी दोनच्या काफीत जुना षड्ज नाही आणि जुना पंचमही नाही. इतकेच काय, पहिल्या कॉर्डमधल्या पाच स्वरांपैकी एकही तिथे उरत नाही. उरतात फक्त दोन: जुने कोमल गंधार आणि कोमल निषाद. पहिल्या कॉर्डने राखून ठेवलेले हेच ते दोन. नव्या षड्जाच्या दृष्टीने ते रिषभ आणि शुद्ध धैवत होतात. स्वर तेच, नाते पालटलेले. एकाच षड्जाशी आयुष्यभर बांधलेल्या कानाला ही गोष्ट गिटारखेरीज इतक्या सोपेपणाने कळेल असे मला वाटत नाही.

शेवटची आठ आवर्तने पुन्हा पांढरी दोनवर येतात. मला चढण्यापेक्षा हे उतरणे अधिक आवडते. बाराव्या पडद्यावर बोट पडताच गेलेले पाचही स्वर एकदम परत मिळतात आणि लगेच दुसरा कॉर्ड गंधार-निषादांना त्यांच्या जुन्या जागी कोमल म्हणून बसवतो.