पुढारी, पंथ आणि अविश्वास

दत्ता भगत यांचे 'वाटा-पळवाटा' हे नाटक आम्ही अलीकडे पुन्हा वाचले, आणि पहिल्या वाचनात जे नजरेतून निसटले होते ते या खेपेस डोळ्यांत भरले. नाटकात तीन पिढ्या आहेत: बाबासाहेबांच्या हयातीत चळवळीत उतरलेले काका, प्राध्यापकी करणारा सतीश आणि कडवा तरुण अर्जुन. दलित आणि सवर्ण यांच्यातील संघर्षाचे नाटक म्हणून ते ओळखले जाते, आणि सतीशची पत्नी ब्राह्मण असल्यामुळे तसे समजण्यास आधारही आहे. परंतु नाटकाचा खरा ताण तेथे नाही. एकाच महापुरुषाचे नाव भक्तीने घेणारी ही तीन माणसे एकमेकांवर विश्वास ठेवू शकत नाहीत, हा तो ताण होय. सतीशच्या संयमात अर्जुनास तडजोडीचा वास येतो. अर्जुनाच्या आवेशात सतीशला विनाश दिसतो. आणि काकांना दोघांतही बाबासाहेब पुरते सापडत नाहीत.

रंगभूमीवरील या घराकडून आम्ही आमच्या नागपुराकडे वळतो, कारण हाच अविश्वास येथे एका संपूर्ण समाजाच्या राजकारणात ७० वर्षे मुरलेला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच शहरात लाखो लोकांनी आपल्या नेत्यामागोमाग धर्म बदलला. एका माणसाच्या शब्दावर एवढा विश्वास टाकल्याची दुसरी उदाहरणे आधुनिक इतिहासात फारशी नाहीत. त्यानंतर दोन महिने होण्यापूर्वीच, ६ डिसेंबरला, तो माणूस गेला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी याच नागपुरात रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली, एन. शिवराज अध्यक्ष झाले, आणि अल्पावधीतच पक्ष दुभंगला. बी. सी. कांबळे यांच्या गटाने स्वतःस 'दुरुस्त' म्हणवून घेतले, तेव्हा दादासाहेब गायकवाड यांचा गट आपोआपच 'नादुरुस्त' ठरला. पुढील इतिहास वाचकांच्या परिचयाचा आहे. गटांची नामावळी येथे देत बसण्यात अर्थ नाही.

आमच्या सुशिक्षित मध्यमवर्गात या नामावळीवर विनोद करण्याची जुनी खोड आहे. चहाच्या पेल्याबरोबर 'आता कितवा गट?' असा प्रश्न निघतो आणि सर्वजण हसतात. काँग्रेस १९६९ मध्ये फुटली, समाजवादी किती वेळा फुटले याची मोजदाद राहिली नाही, जनता पक्षाची शकले सर्वांनी पाहिली. त्या फुटींना आपण 'तात्त्विक मतभेद' हे भारदस्त नाव देतो. रिपब्लिकन पक्षाच्या फुटीस मात्र 'यांचे असेच चालायचे' एवढ्यावर निकालात काढतो. हा विनोद आम्हीही तरुणपणी केला आहे, हे कबूल केले पाहिजे.

स्वभावदोषाने या अविश्वासाचा उलगडा होत नाही. त्याचे एक मूळ निवडणुकीच्या रचनेत आहे. १९३२ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश सरकारच्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांस स्वतंत्र मतदारसंघ देऊ केले. गांधीजींच्या उपोषणानंतर २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. प्रांतिक कायदेमंडळांतील राखीव जागा ७१ वरून १४८ वर गेल्या. परंतु मतदारसंघ संयुक्त झाले. म्हणजे जागा दुपटीहून वाढल्या, पण त्या जागेवर कोण बसावे याचा अंतिम निर्णय इतरांच्या मतांवर गेला. याचा अनुभव खुद्द बाबासाहेबांना आला. १९५२ मध्ये मुंबईत आणि १९५४ च्या पोटनिवडणुकीत आमच्या शेजारच्या भंडाऱ्यात, दोन्ही वेळा राखीव जागेवर काँग्रेसच्या उमेदवाराने त्यांचा पराभव केला. ज्या माणसाच्या मागे त्याचा समाज उभा होता, तो त्या समाजासाठी राखलेल्या जागेवरूनही लोकसभेत जाऊ शकला नाही.

यानंतर त्याच्या अनुयायांपुढे उरलेले दोनच मार्ग पाहावेत. एकटे लढावे तर पराभव जवळजवळ ठरलेला. आणि कोणा मोठ्या पक्षाचा हात धरावा तर निवडून येताक्षणीच 'हा कोणाच्या मतांनी आला?' हा प्रश्न पाठीस लागतो. दादासाहेब गायकवाडांचेच पाहा. भूमिहीनांस जमीन मिळावी म्हणून १९६४ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या देशव्यापी सत्याग्रहाचे ते नायक. हजारो माणसे त्यांच्या शब्दावर तुरुंगात गेली. त्याच दादासाहेबांनी १९६७ च्या सुमारास काँग्रेसशी समझोता केला, आणि एवढी हयात घालविलेला माणूसही संशयाच्या पिंजऱ्यात उभा राहिला. १९९८ मध्ये काँग्रेसशी जमवून घेऊन प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले हे चौघे लोकसभेवर निवडून आले. तेही राखीव नव्हे, सर्वसाधारण जागांवरून. आमच्या मते हा त्या पक्षाच्या इतिहासातील अत्यंत उजळ क्षण होता. पुढील वर्षी लोकसभा विसर्जित झाली तेव्हा ती एकी उरलेली नव्हती. २०११ मध्ये आठवले शिवसेना-भाजप युतीत गेले आणि पुढे केंद्रात राज्यमंत्री झाले. तेव्हा काहींनी त्यास व्यवहार म्हटले आणि काहींनी विक्री. दोन्ही शब्द बाजारातलेच आहेत, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे.

रचनेचे हे कारण मान्य केले तरी एक प्रश्न उरतोच. तडजोड सगळेच पुढारी करतात. मग येथेच ती इतकी का झोंबते? याचे उत्तर आम्हास धर्मांतरात दिसते. दीक्षेच्या क्षणी हा समाज केवळ मतदारांचा गट राहिला नाही. तो एक पंथ झाला, आणि पंथाचा हिशेब पक्षाच्या हिशेबाहून वेगळा असतो. पक्षात पुढाऱ्याची तुलना प्रतिस्पर्ध्याशी होते. पंथात ती संस्थापकाशी होते. इंदोरा, पाचपावली या वस्त्यांतील घरांत भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर असते. तिसरी, एखाद्या हयात पुढाऱ्याची, आम्ही क्वचितच पाहिली. बाबासाहेबांशी तोलून पाहिल्यावर कोणता खासदार कमी भरणार नाही? शिवाय हा तराजूही स्वतः बाबासाहेबांनीच हाती दिलेला आहे. १९४३ मध्ये पुण्यात रानडे, गांधी आणि जीना यांच्यावर बोलताना त्यांनी विभूतिपूजेवर कठोर प्रहार केले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना राजकारणातील भक्ती हा अधोगतीचा आणि अखेर हुकूमशाहीचा मार्ग आहे असे त्यांनी बजावले. पुढाऱ्यावर अविश्वास ठेवावा हेही या समाजाने आपल्या परमश्रद्धेय पुढाऱ्याकडूनच शिकले. या शिकवणुकीत त्या उपदेशकालाच अपवाद केले गेले, ही विसंगती खरी. पण ती विसंगती दाखवून हसण्याचा अधिकार आपल्या घरच्या देव्हाऱ्याकडे पाहून ज्याने त्याने ठरवावा.

आता वाङ्मयाकडे. दलित पँथर ही १९७२ मध्ये जन्मली ती रिपब्लिकन पुढाऱ्यांविषयीच्या संतापातून, आणि तिचे जनक कवी-लेखक होते, हा योगायोग नव्हे. पुढाऱ्यांनी वाणी विकली अशी भावना झाली, तेव्हा वाणीवर ज्यांची उपजीविका नव्हती ते पुढे आले. आज ज्यास आपण दलित साहित्य म्हणतो त्यातील पुष्कळशी धग या अविश्वासाची आहे. पण लेखक पुढारी होताच अविश्वासाने त्यालाही गाठले. १९७४ मध्ये राजा ढाले आणि नामदेव ढसाळ वेगळे झाले. वाद वरवर बुद्ध की मार्क्स असा होता, परंतु आत प्रश्न तोच: तू कोणाचा? पुढे ढसाळांनी इंदिरा गांधींचा पक्ष घेतला, आणखी पुढे ते शिवसेनेच्या जवळ गेले. त्यांची कविता मोठी आहे, हे आमचे मत त्यामुळे बदलत नाही. मात्र पुढाऱ्यांस फटकारणारा कवी पुढाऱ्याच्याच जागी आल्यावर काय होते, याचे ते जिवंत उदाहरण आहे.

येथे आमची तक्रार नोंदवितो. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीभोवती पुस्तकांच्या दुकानांच्या रांगाच्या रांगा लागतात. खेड्यांतून आलेली माणसे शिदोरीच्या पिशवीत पुस्तके भरून नेतात. ते दृश्य पाहून पुस्तकावर पोट भरणाऱ्या आमच्यासारख्यास आनंद आणि लाज दोन्ही वाटतात. त्या दुकानांतून आम्ही दरवर्षी कवितासंग्रह, पुस्तिका घेतो, आणि त्यांत पुढारी बहुधा एकाच वेषात भेटतो: विकला गेलेला, मोटारीतून फिरणारा, वस्तीस विसरलेला. हे चित्र खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. ते अपुरे आहे. विकला जाण्यापूर्वी त्या माणसाने रात्र कशी काढली, त्याच्यापुढे दुसरा कोणता मार्ग होता, भंडाऱ्याचा पराभव त्याच्या मनात होता की नव्हता, हे कोणी विचारत नाही. पुढाऱ्यास खलपुरुष करणे सोपे असते. आणि खलपुरुष एकदा केला की त्यास निर्माण करणारी रचना पडद्याआड सुखरूप राहते. पुणे करार जेथे होता तेथेच असतो आणि शिव्या मात्र गावच्या कार्यकर्त्यास बसतात.

'वाटा-पळवाटा'चे मोल आम्हास यासाठी अधिक वाटते. भगतांनी अर्जुनास संशय घेण्याचा पुरता हक्क दिला आहे, पण सतीशची अडचणही चोरलेली नाही. त्याची वाट कोठे संपते आणि पळवाट कोठे सुरू होते हे त्यास स्वतःस ठाऊक नाही, आणि नाटककारही ते सांगण्याची घाई करीत नाही. नाटकातील चर्चा काही ठिकाणी लांबली आहे, पात्रे मधूनच व्याख्यानाच्या सुरात बोलतात, हा दोष आहेच. तथापि पात्राच्या तोंडी पूर्वपक्ष इतक्या प्रामाणिकपणे घालणारे नाटककार मराठीत किती निघतील?

अविश्वासाने या चळवळीचे नुकसान किती केले हे उघड आहे: मते विखुरली, जागा गेल्या, वाटाघाटीत वजन राहिले नाही. पण त्याने राखले काय, हेही पाहिले पाहिजे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली, तेव्हा विदर्भातील लोक रस्त्यावर आले ते कोणा पुढाऱ्याच्या हाकेची वाट न पाहता. १ जुलै २०२४ रोजी दीक्षाभूमीवरही तेच घडले. तेथे भूमिगत वाहनतळाचे काम चालू होते. त्यामुळे स्तूपास धोका पोहोचेल या भयाने हजारो माणसे जमली, काम बंद पाडले, सामानाची मोडतोड आणि जाळपोळही झाली. जाळपोळीचे समर्थन आम्ही करणार नाही. परंतु त्याच दिवशी सरकारला विधिमंडळात कामास स्थगिती जाहीर करावी लागली. ज्या पवित्र जागेवर दरवर्षी सर्व पक्षांचे पुढारी व्यासपीठावर येऊन बसतात, त्या जागेची राखण त्या दिवशी व्यासपीठासमोर बसणाऱ्यांनी केली, आणि स्मारकाचा कारभार पाहणाऱ्यांनाही जाब विचारला.

त्या सायंकाळी आमच्या एका स्नेह्यांनी दूरध्वनी करून विचारले, "अहो, पण यांचा पुढारी कोण?" आम्हास नाव सांगता आले नाही. नंतर आम्ही 'वाटा-पळवाटा'ची प्रत काढून अर्जुनाची वाक्ये पुन्हा चाळली. त्या पिढीचा अर्जुन आज साठीकडे आला असेल. कोठे नोकरीतून निवृत्त होत असेल, आणि त्याची मुले त्याच्याकडे संशयाने पाहत असतील. तो चौथा माणूस लिहिणारे नाटक आमच्या वाचनात अद्याप आलेले नाही.