३.६ राँटजेन आणि चार मेगाटन : 'चर्नोबिल' का बघावी

"ताई, सायन्सची एखादी चांगली सिरीज सांगा ना." पेटच्या तयारीपेक्षा हा प्रश्न मला जास्त वेळा विचारला जातो. मी उलट विचारते, धक्के हवेत की पुरावे? धक्के देणाऱ्या सिरीज ढीगभर आहेत. हॅकर दोन मिनिटं कीबोर्ड बडवतो, पडद्यावर हिरवी अक्षरं पळतात आणि उत्तर हजर. मला मात्र तीच सिरीज पुढे बघावीशी वाटते, जिच्यात पात्रांना एखादी गोष्ट कळली तर ती कशी कळली हेही दिसतं.

म्हणून माझं उत्तर ठरलेलं आहे : 'चर्नोबिल'. एचबीओची, २०१९ ची, फक्त पाच भागांची, क्रेग मेझिन यांनी लिहिलेली. ही विज्ञानकथा नाही. २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे चार नंबरची अणुभट्टी फुटली, हे सगळ्यांना माहीत आहे. शेवट माहीत असलेली गोष्ट थ्रिलर कशी होईल? पण पहिला भाग मी श्वास रोखून बघितला, आणि त्याचं कारण स्फोट नव्हतं, एक रीडिंग होतं.

स्फोटानंतर उपमुख्य अभियंता द्यातलोव विचारतो, किरणोत्सर्ग किती? उत्तर येतं, तासाला ३.६ राँटजेन. सोबत दबक्या आवाजात हेही सांगितलं जातं, की मीटर त्याच्यापुढे जातच नाही. द्यातलोव पहिलं वाक्य ऐकतो, दुसरं सोडून देतो. तोच आकडा वरच्या साहेबांकडे जातो, तिथून मॉस्कोला. जसजसा वर जातो तसतशी 'मीटर पुढे जात नाही' ही शेपटी गळून पडते आणि उरतो एक स्वच्छ, दशांश चिन्हासकट विश्वासार्ह दिसणारा आकडा.

त्या रात्री हाताशी असलेल्या साध्या डोसीमीटरची कमाल मर्यादा खरोखरच सेकंदाला एक सहस्रांश राँटजेन होती. त्याला ३६०० ने गुणा. तासाला ३.६! म्हणजे हे मोजमाप नव्हतंच, ती मीटरची पट्टी कुठे संपते त्याची जागा होती.

इथे मला माझीच गोष्ट सांगायला हवी. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एका रंगद्रव्याचं शोषण स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजत होते. संहती वाढवली की शोषण वाढायचं, मग ३ च्या आसपास येऊन आलेख सपाट व्हायचा. मी खूश. प्रगती अहवालात 'संपृक्तता' या विषयावर अख्खं पान लिहिलं, मॉडेल बसवलं, दोन संदर्भही दिले. गाईडनी आलेख बघून एवढंच विचारलं, "आपलं मशीन किती पर्यंत मोजतं?" शोषण ३ म्हणजे टाकलेल्या प्रकाशाचा हजारावा भाग पलीकडे पोचतो. तिथे डिटेक्टरला दिसण्यासारखं फार काही उरत नाही. नमुने वीसपट विरळ केले आणि पुन्हा मोजले. सरळ रेष आली. माझी संपृक्तता मशीनची होती.

त्यामुळे द्यातलोवकडे बघून मला नुसता राग आला नाही, थोडी लाजही वाटली. (खरा द्यातलोव इतका खलनायकी होता का, यावर वाद आहे. सिरीजने त्याला जरा जास्तच काळा रंगवलाय असं माझंही मत आहे.) हवा तो आकडा मिळाला की माणूस मीटरकडे बघायचं थांबवतो, आणि त्याला दुष्ट असावं लागत नाही.

दुसऱ्या भागात क्रेमलिनमधली बैठक नीट बघा. लेगासोव अहवाल वाचताना एका ओळीवर अडकतो : एका अग्निशामकाचा हात काळ्या, गुळगुळीत खनिजाच्या तुकड्याने भाजला. तो ताडतो की हे ग्राफाइट आहे. ग्राफाइट फक्त भट्टीच्या गाभ्यात असतं. ते बाहेर जमिनीवर पडलंय, म्हणजे गाभा उघडा आहे. त्याच्याकडे कुठलंही नवीन यंत्र नाही. अहवाल सगळ्यांसमोर असताना त्याने एक ओळ नीट वाचली, एवढंच. साहित्य सर्वेक्षण कंटाळवाणं वाटतं म्हणणाऱ्यांना मी हा प्रसंग दाखवते. पुढे जास्त क्षमतेचा डोसीमीटर येतो, जनरल पिकालोव शिसं लावलेला ट्रक स्वतः चालवत भट्टीजवळ जाऊन येतात आणि सांगतात, तीन नाही, पंधरा हजार.

याच्यासमोर 'थ्री बॉडी प्रॉब्लेम' (नेटफ्लिक्स, २०२४) ठेवून बघा. जगभरातल्या कणत्वरकांचे निकाल अचानक सिद्धांताशी जुळेनासे होतात, ही कल्पना झकास आहे. पण तिथले शास्त्रज्ञ फार लवकर भौतिकशास्त्रच मोडलं असं मानून बसतात. २०११ मध्ये ऑपेरा प्रयोगात न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोचल्याचं दिसलं होतं. तेव्हा लोकांनी आधी स्वतःची यंत्रं तपासली आणि एक ऑप्टिकल फायबरची केबल नीट बसली नसल्याचं सापडलं. ती केबल शोधण्याचे महिने मला एलियनपेक्षा थरारक वाटतात. असो, माझी आवड जरा वाकडी आहे.

आता 'चर्नोबिल'ची तक्रार, कारण ती याच कसोटीवर नापास होते. दुसऱ्याच भागात खोम्युक सांगते, की वितळलेला लाव्हा खालच्या टाक्यांत पोचला तर सुमारे ७००० घनमीटर पाण्याची वाफ होऊन दोन ते चार मेगाटनचा स्फोट होईल. खोलीत सन्नाटा. मीही पहिल्यांदा घाबरले. मग वहीत हिशोब केला. एक किलो पाण्याची पूर्ण वाफ करायला साधारण २.६ मेगाज्यूल लागतात. ७००० घनमीटर म्हणजे ७० लाख किलो, एकूण सुमारे १८ लाख कोटी ज्यूल. एक किलोटन म्हणजे ४.२ लाख कोटी ज्यूल. म्हणजे सगळं पाणी एका क्षणात वाफ झालं तरी चारेक किलोटन! मेगाटन नव्हे. फरक पाचशे ते हजारपटींचा.

३.६ च्या मागे एक मीटर आहे, त्याची मर्यादा आहे, तो आकडा हवा असलेली माणसं आहेत. चार मेगाटनच्या मागे फक्त भीती आहे. खोम्युक तो कुठून आणते हे कुणी विचारत नाही, आणि खोट्याची किंमत सांगणाऱ्या सिरीजमध्ये ते मला जास्त खटकतं. खोम्युक हे पात्रच काल्पनिक आहे, अनेक शास्त्रज्ञांना मिळून केलेलं, हे शेवटी पडद्यावर सांगितलं जातं. त्याबद्दल तक्रार नाही. लेगासोव प्रत्यक्षात १९८७ च्या खटल्यात हजर नव्हता, तरी पाचव्या भागात तो लाल-निळ्या पट्ट्या लावत भट्टी समजावतो. तेही चालेल, कारण झेनॉनचं विष, पाण्याची वाफ आणि नियंत्रक कांड्यांची ग्राफाइटची टोकं यांचा इतका सुबोध तास मी एमएस्सीला बसले नव्हते.

तर बघाच, पण वही घेऊन. एक हिशोब तुमच्यासाठी ठेवलाय : पाण्याची वाफ करायला उष्णता लाव्हातूनच यायची. लाव्हा २०० टन, तापमानातली घट २५०० अंश, विशिष्ट उष्मा किलोला ५०० ज्यूल असं धरा आणि किती टन टीएनटी होतं ते कॉमेंटमध्ये लिहा. उत्तर किलोटनमध्ये आलं, तर शून्यं पुन्हा मोजा.