शिवणीतली माया : सौंदर्यसम्राज्ञीच्या तयारीची तीन रूपे

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. इचलकरंजीतली आमच्याच गल्लीतली एक मुलगी गाऊन शिवून घ्यायला माझ्याकडे आली. पुण्यातल्या एका सौंदर्यस्पर्धेत तिचे नाव लागले होते. मी तेव्हा घरीच ब्लाऊज, ड्रेस शिवत असे. टेप कमरेभोवती धरून मी आकडा वहीत लिहिणार, तोच ती म्हणाली, "मावशी, दोन इंच कमीच धरा. तोवर मी होते बारीक." मी धरले. फिटिंग उठून दिसावे म्हणून आत जादा कापडही ठेवू नका म्हणाली, तेही ऐकले. जायच्या आदल्या संध्याकाळी तो गाऊन तिला चढेना. उसवून वाढवावा तर शिवणीत माया नव्हती. ती पुण्याला गेली नाही. गाऊन आजही माझ्या कपाटात आहे.

मी विद्यापीठातली संशोधक नाही. नगर वाचनालयातली जुनी मासिके, रद्दीतून वेचलेली कात्रणे आणि मिळेल तिथे पाहिलेले माहितीपट एवढीच माझी साधने. पण त्या गाऊनने एक प्रश्न माझ्या मागे लावला. आंतरराष्ट्रीय सौंदर्यस्पर्धेला निघालेल्या मुलीची 'तयारी' म्हणजे नक्की काय? ती कोण करते, कोणाच्या खर्चाने करते, आणि स्पर्धा संपल्यावर त्या मुलीच्या नावे काय देणे उरते? विजेतीच्या मुकुटावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. तयारीवर फार कमी. या लेखात मी तयारीची तीन रूपे समोर ठेवते आणि त्यांच्या आधारे एका माहितीपटाची तपासणी करते.

उसनी तयारी : १९६६

१७ नोव्हेंबर १९६६ रोजी लंडनच्या लायसियम बॉलरूममध्ये रीटा फारिया मिस वर्ल्ड झाली. हा किताब मिळवणारी ती पहिली भारतीय आणि पहिली आशियाई स्त्री. घराणे मूळ गोव्याचे, वाढ मुंबईची, शिक्षण ग्रँट मेडिकल कॉलेजात. आधी मिस बॉम्बे, मग 'ईव्ह्ज वीकली'ची मिस इंडिया आणि तिथून लंडन, असा तिचा प्रवास. मधे प्रशिक्षण नाही, मार्गदर्शक नाही. पुढे दिलेल्या मुलाखतींत तिनेच सांगितले आहे, की साडी एका मैत्रिणीकडून उसनी घेतली होती आणि पोहण्याचा पोशाखही उसनाच होता. तो पर्सिस खंबाटाने, म्हणजे आदल्या वर्षीच्या मिस इंडियाने दिलेला. खिशात तीन पौंड. लंडनला पोचल्यावर उसना पोशाख चालेना, तेव्हा त्या तीन पौंडांत दुसरा पोशाख आणि उंच टाचांच्या चपला घ्याव्या लागल्या.

ही हकिकत आपल्याकडे गमतीने सांगितली जाते. मला तिच्यातली उसनवारी महत्त्वाची वाटते. साडी परत करता येते. किताबाबरोबर आलेले वर्षभराचे बंधन मात्र रीटालाही चुकले नाही. त्याच डिसेंबरात ती बॉब होप यांच्या ताफ्याबरोबर व्हिएतनाममधल्या अमेरिकी सैनिकांसमोर गेली आणि त्यावरून भारतात नाराजी उमटली. पण वर्ष संपले तसे तिने मॉडेलिंगचे आणि चित्रपटांचे प्रस्ताव बाजूला ठेवले, लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये वैद्यकाचा अभ्यास पुढे चालू केला, आणि पुढे डब्लिनमध्ये डॉक्टर म्हणून राहिली. तिला परत जायला जागा होती आणि परत करायला फक्त कपडे होते.

या गोष्टीचा उपयोग पुढच्या मुलींना हिणवण्यासाठी करू नये. उसने मागायलाही ओळख लागते. मुंबईची, इंग्रजी बोलणारी, वैद्यकीय महाविद्यालयातली मुलगी पर्सिस खंबाटाकडून पोशाख मागू शकत होती. माझ्या गल्लीतल्या मुलीला उसने मागायला मीच होते.

शिवलेली तयारी : १९९४

दुसरे रूप माझ्या व्यवसायाच्या जवळचे. १९९४ साली सुश्मिता सेन मिस इंडिया झाली आणि त्याच मे महिन्यात मनिलाला मिस युनिव्हर्स. गोव्यात झालेल्या मिस इंडियाच्या अंतिम फेरीत तिने घातलेला गाऊन कुठल्या नामांकित डिझायनरचा नव्हता. दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजारातून कापड आणले, घराजवळच्या साध्या शिंप्याकडून ते शिवून घेतले, आणि हातमोजे नव्या कोऱ्या पायमोज्यांना कापून केले, असे तिने स्वतः जाहीरपणे सांगितले आहे.

मी तेव्हा पंचविशीत होते. ही हकिकत पुढे वाचनात आली तेव्हा मला त्या शिंप्याचे कौतुक वाटले. मासिकातले चित्र समोर ठेवून कापायचे काम आम्ही सगळ्याच करतो. पण कापड अंगावर बसवायचे तर टेप त्या मुलीच्याच अंगाला लावावी लागते. या रूपात खर्च घरचा, कष्ट आईचे आणि शिंप्याचे, आणि माप मुलीचे. हिशेब घरातल्या घरात फिटत होता. शिवणाऱ्याचे नाव कुठे आले नाही, ही गोष्ट वेगळी.

त्याच नोव्हेंबरात ऐश्वर्या राय मिस वर्ल्ड झाली आणि एका वर्षात दोन मुकुट आले. नव्या आर्थिक धोरणाचे ते दिवस; बाहेरच्या प्रसाधन कंपन्या इथल्या बाजाराकडे पाहत होत्या. १९९६ ची मिस वर्ल्ड स्पर्धा बंगळूरला भरली तेव्हा विरोध एवढा झाला, की पोहण्याच्या पोशाखाची फेरी सेशेल्स बेटांवर न्यावी लागली. विरोधकांत शेतकरी संघटना होत्या, स्त्रीवादी होत्या आणि संस्कृतिरक्षकही होते. पण त्या गदारोळात स्पर्धा मागे हटली नाही. उलट तयारी घरातून उठून शिबिरात गेली.

पुरवलेली तयारी : शिबिर

शिबिरातली तयारी म्हणजे आहारतज्ज्ञ, त्वचातज्ज्ञ, उच्चार सुधारणारे, चालणे शिकवणारे, उत्तरे बसवून घेणारे. सगळे आयोजकांनी नेमलेले. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ सुसान ड्यूई यांनी २००३ च्या मिस इंडिया शिबिरात राहून जे टिपले, ते 'मेकिंग मिस इंडिया मिस वर्ल्ड' (२००८) या पुस्तकात आहे. वजनावरची नजर आणि त्वचा उजळ करण्याचे उपचार हा तिथल्या दिनक्रमाचाच भाग होता, हे त्यांचे निरीक्षण. मुलीच्या खिशाला यातले फारसे काही लागत नाही. जिंकणारी मात्र आयोजकांशी कराराने बांधली जाते.

हे सारे पडद्यावर पाहायचे तर निशा पाहुजा यांचा 'द वर्ल्ड बिफोर हर' (२०१२) पाहावा. ट्रायबेका महोत्सवात त्याला उत्कृष्ट माहितीपटाचा पुरस्कार मिळाला. भारतात तो जून २०१४ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात दोन शिबिरे आलटून पालटून दिसतात. एक मुंबईतले मिस इंडियाचे, २०११ च्या स्पर्धेसाठी निवडलेल्या वीस मुलींचे. तिथे आपण जयपूरच्या रूही सिंगबरोबर असतो. दुसरे औरंगाबादचे (आताचे छत्रपती संभाजीनगर), विश्व हिंदू परिषदेच्या दुर्गावाहिनीचे; तिथे मुलींना कवायत शिकवणारी तरुण प्राची भेटते.

यातला एक प्रसंग मी तीनदा पाहिला. स्पर्धक मुलींचे चेहरे आणि धड पांढऱ्या कापडाने झाकून त्यांना चालायला लावतात, कारण परीक्षकाला फक्त पाय पाहायचे आहेत. बोटॉक्सची सुई आणि त्वचेचे उपचारही चित्रपटात आहेत. पण मला हा प्रसंग जास्त बोचला. इतकी वर्षे मी माप घेते. माप घेताना बाई बोलत असते: इथे घट्ट नको, बाळंतपणानंतर दंड भरलाय, डावा खांदा जरा उतरता आहे. त्या बोलण्यावरून कापड कापायचे असते. इथे आधी माप ठरले आहे आणि मुलीने त्यात बसायचे आहे. म्हणून तिचे तोंड झाकले तरी काम अडत नाही. माझ्या गल्लीतली मुलगी दोन इंच कमी धरायला सांगत होती, तेव्हा ती हेच करत होती. फक्त तिच्याजवळ शिबिर नव्हते.

पाहुजा यांचे मोठेपण हे, की त्या मुलींना हसत नाहीत. रूहीची जिद्द त्या खरी मानतात, आणि प्राचीला खलनायिका करत नाहीत. माझी तक्रार मांडणीबद्दल आहे. दोन शिबिरे समोरासमोर ठेवल्यामुळे प्रेक्षक 'दोन भारत' असा सोपा निष्कर्ष घेऊन बाहेर पडतो: एक पाश्चात्त्यांकडे धावणारा, दुसरा मागे खेचणारा. चित्रपटातलाच पुरावा मात्र याच्या विरुद्ध बोलतो.

तो पुरावा दोन ठिकाणी आहे. प्राची सांगते, की लहानपणी खोटे बोलल्याबद्दल वडिलांनी तिच्या पायाला चटका दिला होता. तरी तिचा राग नाही; मुलगी असूनही त्यांनी आपल्याला जगू दिले, याबद्दल ती कृतज्ञ आहे. दुसऱ्या बाजूला पुण्यात वाढलेली पूजा चोप्रा, २००९ ची मिस इंडिया वर्ल्ड. दुसरीही मुलगीच झाली म्हणून तिच्या वडिलांना ती नको होती. आई दोन्ही मुलींना घेऊन घराबाहेर पडली आणि एकटीने त्यांना वाढवले. मुलीचा मुकुट हे त्या आईचे त्या घराला दिलेले उत्तर आहे. २००९ च्या मिस वर्ल्डला जोहान्सबर्गमध्ये पाय दुखावलेला असतानाही पूजा उभी राहिली, ती का, हे आईचे बोलणे ऐकल्यावर कळते.

म्हणजे एका शिबिरातली मुलगी जगू दिल्याचे देणे वडिलांना फेडते आहे आणि दुसरी आईला. मला यात दोन भारत दिसत नाहीत. एकच वही दिसते, आणि तिच्यात मुलीच्या नावे पहिली नोंद तिच्या जन्माची आहे. रीटाची साडी परत करता आली. हे देणे कोणत्या मुकुटाने फिटणार? चित्रपट इथपर्यंत आपल्याला आणून सोडतो आणि पुन्हा शिबिरांच्या तुलनेकडे वळतो. माझ्या मते त्याने याच वहीपाशी थांबायला हवे होते. खर्च कोण करते, करारात काय लिहिलेले असते, जिंकू न शकलेल्या मुली पुढे कुठे जातात, हेही मग विचारता आले असते. रूही जिंकली नाही. पुढे 'कॅलेंडर गर्ल्स' (२०१५) या हिंदी चित्रपटात ती दिसली. बाकीच्यांचे काय झाले हे चित्रपट सांगत नाही.

एक आक्षेप रास्त आहे. शिबिर नसते तर जयपूरच्या रूहीला ते व्यासपीठ कुठून मिळाले असते? पूजाच्या आईला आपली कहाणी जगासमोर सांगायला जागा कुठे होती? हे मी मान्य करते. १९६६ ची वाट ओळखीच्या लोकांची होती. शिबिराने ती रुंद केली. २०१७ ला मानुषी छिल्लर मिस वर्ल्ड झाली, तीही वैद्यकाचीच विद्यार्थिनी. पुढे ती चित्रपटांत गेली. तो तिचा हक्क आहे. रीटाच्या तराजूत तिला तोलणे अन्यायाचे होईल. माझे म्हणणे एवढेच, की वाट रुंद झाली तशी मुलीच्या अंगची सैल जागा कमी होत गेली.

शिवणकामात माया ठेवतात ती याचसाठी. अंग बदलते, भरते, उतरते. कापडाने त्याच्याबरोबर चालावे. ती ठेवणे हे शिवणाऱ्याचे काम असते, अंगावर घालणारीचे नव्हे. आयोजकांनी ती ठेवली नाही असे मी इथे लिहिते आहे, तर माझेही लिहिले पाहिजे. त्या मुलीने दोन इंच कमी सांगितले तेव्हा मी मुकाट्याने कापले. त्यानंतर मात्र गिऱ्हाईक काहीही म्हणो, मी दोन्ही बाजूंना इंचभर तरी माया सोडते. बाहेरून ती दिसत नाही.