सुभेदार सीताराम पांडे यांचें आत्मवृत्त : प्रामाण्याचा विचार

शिपायानें स्वतः सांगितलेलें आपलें चरित्र ही आपल्या संशोधनक्षेत्रांतील फार दुर्मिळ वस्तु होय. सरदारांच्या कैफियती, मुत्सद्द्यांचीं पत्रें, कारकुनांच्या बखरी व हिशेबाचे रुमाल यांनीं दप्तरें भरलेलीं आहेत. परंतु दरमहा सात रुपयांवर बंदूक खांद्यास लावणारा मनुष्य आपल्या आईबापांविषयीं, जातीविषयीं व मेलेल्या मुलाविषयीं काय म्हणत होता, हें सांगणारा कागद क्वचित् हातीं लागतो. म्हणूनच कंपनीच्या बंगाल फौजेंतील सुभेदार सीताराम पांडे यांच्या नांवावर प्रसिद्ध असलेलें आत्मवृत्त अभ्यासक पुनः पुनः उघडतात. त्यावर कितपत विसंबावें, एवढ्याच प्रश्नाचा विचार येथें कर्तव्य आहे.

प्रथम ग्रंथाचा वृत्तांत. सीताराम पेन्शनीत गेल्यावर आपण त्यांस लिहिण्यास उद्युक्त केलें, त्यांनीं आपलें वृत्त देशी भाषेंत लिहून दिलें व आपण त्याचें भाषांतर केलें, असें नॉर्गेट नामक इंग्रज लष्करी अधिकारी सांगतो. हें इंग्रजी पुस्तक 1873 सालीं लाहोरास छापलें गेलें. पुढें फिलट यानें 1910 सालीं इंग्रजीवरून त्याचें उर्दू भाषांतर 'ख्वाब-ओ-खयाल' या नांवानें केलें, व 1911 सालीं इंग्रजी पुस्तकाची नवी आवृत्ति काढली. हिंदुस्थानी भाषेची परीक्षा देणारे गोरे अधिकारी हें पुस्तक अभ्यासीत. 1970 सालीं जेम्स लंट यानें तें पुनः संपादिलें, आणि 1999 सालीं मधुकर उपाध्याय यांनीं तें अवधींत आणलें. म्हणजे ज्या मातींत ही कथा जन्मली त्या मातीच्या बोलींत ती सव्वाशें वर्षांनीं परत आली, पण परक्याच्या घरून आली. मूळ हस्तलिखित आजवर कोणास सांपडलेलें नाहीं.

आतां चरित्र. सीताराम हे अवधांतील तिलोई गांवचे ब्राह्मण. मुलानें भिक्षुकी करावी अशी आईची इच्छा. परंतु कंपनीच्या फौजेंत जमादार असलेला मामा रजेवर घरी आला. त्याच्या गळ्यांतील सोन्याच्या मण्यांची माळ आणि तोंडच्या गोष्टी यांनीं मुलाचें मन ओढून घेतलें. बापाचा एका आमराईसंबंधानें दावा चालू होता. मुलगा सरकारच्या चाकरींत असल्यास कज्जांत उपयोग होईल, हा त्याचा हिशेब. 1812 सालीं सुरू झालेली ही नोकरी 1860 पर्यंत, म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षें चालली. नेपाळची लढाई, भरतपूरचा वेढा, काबूलची मोहीम व शिखांशीं झालेलीं दोन्ही युद्धें हीं सर्व या वृत्तांत येतात. 1817-18 च्या ज्या धामधुमींत पेशवाईचा शेवट झाला, त्याच सुमारास हे पेंढाऱ्यांवरील मोहिमेंत होते, हें आपल्याकडील वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

या वृत्तांतील खरा भाग लढायांचा नव्हे, घराचा व धर्माचा आहे. जखमी स्थितींत हलक्या मानलेल्या जातीच्या हातचें पाणी प्याल्यामुळें गांवकऱ्यांनीं त्यांस वाळींत टाकलें. पुढें 1842 च्या काबुली संहारांत ते पकडले गेले, गुलाम म्हणून विकले गेले, बळेंच बाटविले गेले, व पळून कसेबसे फिरोजपुरास पोंचले. दोन्ही वेळां प्रायश्चित्त व भोजनें यांवर द्रव्य खर्चून त्यांनीं पंक्तींत पुनः पान मिळविलें. सरकारनें पगार द्यावा व जातीनें तो दंड म्हणून घ्यावा, अशी ही चाकरी! तरी सरकारचें निशाण आणि घरचें देवघर यांपैकीं एकही त्यांस सोडवलें नाहीं.

शेवटीं 1857 चा प्रसंग. लखनौजवळ पकडलेल्या बंडवाल्या शिपायांस गोळ्या घालण्याच्या तुकडीवर सीतारामांची नेमणूक झाली. कैद्यांस नांव, गांव, पलटण विचारतां त्यांत त्यांचाच पुत्र अनंतीराम निघाला. मेजरनें बापास त्या कामांतून मोकळें केलें आणि मुलाचे अंत्यविधि करण्याची परवानगी दिली.

हा प्रसंग वाचून डोळे ओले होतात, आणि नेमकें तेथेंच परीक्षकानें सावध व्हावें. आक्षेप तीन आहेत. पहिला, मूळ ग्रंथाचा अभाव. दुसरा, एकाच मनुष्यानें इतक्या पलटणींतून इतक्या मोहिमा कराव्या आणि प्रत्येक मोठ्या प्रसंगीं हजर असावें, हें अशक्य नसलें तरी सोयीचें फार आहे. तिसरा व सर्वांत जड आक्षेप असा कीं, सरकारच्या दयेला लोक दुर्बलता समजतात, दंड कडक पाहिजे, पूर्वींचे साहेब शिपायांत मिसळत व आतांचे मिसळत नाहींत, हीं मतें 1857 नंतरच्या गोऱ्या छावण्यांत ऐकूं येणाऱ्या मतांशीं फारच जुळतात. येथें शिपाई बोलतो कीं त्याच्या मुखानें भाषांतरकार बोलतो?

न्यायशास्त्रांत शब्द हें प्रमाण आहे, पण तो आप्ताचा असावा लागतो. येथें आप्त आणि आपण यांच्यामध्यें दुभाषा उभा आहे, व त्या दुभाष्याचा स्वार्थ उघड आहे. म्हणून संबंध ग्रंथास एकच मोल लावणें चुकीचें होईल. प्रकरणागणिक मोल निराळें लावावें. दुभाष्याच्या जातभाईंस जें ऐकावयास हवें होतें, तें संशयित मानावें. ज्यापासून त्यास कांहींच लाभ नव्हता, तें अधिक विश्वसनीय मानावें. आमराईचा कज्जा, मामाची माळ, वाळींत पडल्यावरचा खर्च, यांपासून राजनिष्ठेचा कोणता धडा निघतो? वर्गांत भाषांतरें तपासण्यांत आमचें आयुष्य गेलें. विद्यार्थी पुस्तकांतून उतरवितो तेव्हां वाक्य गुळगुळीत असतें; स्वतः पाहिलेलें सांगतो तेव्हां मध्येंच एखादी निरुपयोगी, पण खरी वस्तु टपकन् येऊन पडते. अशा वस्तु या ग्रंथांत पुष्कळ आहेत.

मुलाच्या मृत्यूचा प्रसंगही याच कसोटीस लावावा. इंग्रज वाचकास तो राजनिष्ठेची परीक्षा म्हणून भिडला. आपल्या शास्त्राप्रमाणें मात्र पित्याची उत्तरक्रिया पुत्रानें करावयाची. येथें वृद्ध ब्राह्मण पुत्राची क्रिया करावयास मिळाली म्हणून उपकार मानतो. निष्ठेची बाब दुभाष्यास हवी होती, क्रियेची बाब बापास हवी होती. पहिली वगळली तरी दुसरी उरते. यावरून प्रसंग घडलाच, असें सिद्ध होत नाहीं. परंतु तो केवळ गोऱ्या मनानें रचला, असें म्हणणेंही कठीण जातें.

मूळ कागद राहिल्यानें काय साधतें, हें पाहावयास दूर जावें लागत नाहीं. वरसईचे विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' हाही त्याच बंडाचा वृत्तांत. चिंतामणराव वैद्यांनीं 1907 सालीं तो फेरफार करून छापला. परंतु हस्तलिखित टिकलें, म्हणूनच दत्तो वामन पोतदारांस 1966 सालीं मूळाबरहुकूम पाठ देतां आला. भटजींचा शब्द आपणांस परत मिळाला. सुभेदारांचा मिळाला नाहीं. दोघेही ब्राह्मण, दोघेही त्याच बंडाचे साक्षी. एकाचा रुमाल जपला गेला, एवढाच फरक.

सारांश, हा ग्रंथ तारखा, पलटणी व राजकीय मतें यांस आधार म्हणून घेऊं नये. गांव, कुटुंब व जातिधर्म यांविषयीं दुय्यम साक्ष म्हणून मात्र अवश्य घ्यावा. पुढेंमागें कोणी 'मूळ प्रत' म्हणून एखादी वही पुढें केली, तर ती 1873 च्या इंग्रजीशीं ताडण्यापूर्वीं 1910 च्या उर्दूशीं ताडावी. उर्दूच्या वाक्यरचनेवर ती चालत असेल, तर ती मूळ नव्हे, उतारा होय.

आणि संग्राहक बंधूंस एक विनंति. कोंकणांत व देशावर पिढ्यान्‌पिढ्या पलटणींत गेलेलीं घराणीं आहेत. त्यांच्या माळ्यावरील पत्र्याच्या पेट्यांत पेन्शनीचे कागद, रजेचे दाखले, छावणींतून घरीं धाडलेलीं पत्रें पडून असतात. त्यांस मोहोर नाहीं, शिक्का नाहीं, म्हणून आपण तीं बाजूस सारतों. तसें करूं नये. भाषांतर होण्यापूर्वीं शिपायाचा स्वतःचा शब्द आपल्या हातीं यावा.