उजव्या सोंडेचा आरसा

१९७४ साली डॉ. जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत आपली आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली. उलटापालटीची ही हौस ‘यक्षांची देणगी’ संग्रहातील ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत पुरती फुलली. आरशातल्या प्रतिबिंबाप्रमाणे तिथे उजवा खेळाडू डावखुरा होतो, गणपतीची सोंड उजवीकडे वळते. कल्पना घरगुती, म्हणूनच मनात ठसते. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले, तेव्हा पुणतांब्याला मी ती पुन्हा वाचली आणि माझे समाधान झाले नाही.

कथेतला आरसा फार प्रामाणिक आहे. निसर्गाचा तसा नाही. तो डावे-उजवे सारखे लेखत नाही, हे वूबाईंच्या प्रयोगाने १९५७ साली उघड झाले. मग विद्युतभारही उलटा करून पाहिला. १९६४ साली त्यातही खोट निघाली. काळही उलटा धरला तर मात्र हिशेब जुळावा, असे शास्त्र म्हणते. त्याचीच परीक्षा जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये चालते. प्रतिहायड्रोजनचा अणू कोणत्याही भांड्याला शिवला की नष्ट होतो. म्हणून तो अतिथंड करून चुंबकी क्षेत्रात अधांतरी कोंडतात. २०१० साली असे ३८ अणू सापडले. २०१८ साली त्यांचा वर्णपट एक लाख कोटीत दोन भाग इतक्या बारकाईने तपासला, फरक नाही. २०२३ साली ते सोडून पाहिले, तर आपल्या अणूंसारखे खालीच पडले.

आमच्या गावी गोदाकाठी चांगदेवांची समाधी आहे. त्यांच्या कोऱ्या पत्राला ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर दिले; त्यातही आरसा येतो, पण तिथे पाहणारा आणि दिसणारा मुळात दोन नाहीतच. ज्ञानदेव द्वैत मिटवतात, नारळीकर बाजू बदलतात. आरशावर संशय दोघेही घेत नाहीत. ज्ञानदेवांना त्याची गरज नव्हती; विज्ञानकथेला होती.

कारण विश्वारंभी द्रव्य आणि प्रतिद्रव्य तंतोतंत सारखे असते, तर दोन्ही परस्परांना गिळून केवळ प्रकाश उरता. आपण उरलो, अर्थी कुठेतरी खोट आहे. (नारळीकरांना महास्फोटच मान्य नव्हता, हे खरे, पण कथाकाराला तेवढी सवलत घेता आली असती.) मला हवी होती ती कथा अशी: मूर्ती उलटली, सोंड फिरली, सारे जुळले, फक्त कंठ्यातला एक मोती जागचा हलला नाही, आणि तो घरातल्या कुणा पोराच्या नजरेस पडला.