कुप्पुस्वामी मापनी : बेरजेतील अडचण

विद्यार्थ्यांचा सामाजिक-आर्थिक दर्जा ठरविण्यासाठी कुप्पुस्वामी यांची १९७६ ची मापनी आपल्याकडील संशोधनात सर्रास वापरली जाते. ती शहरी कुटुंबांसाठी आहे, हे मात्र पुष्कळदा विसरले जाते. कुटुंबप्रमुखाच्या शिक्षणास कमाल ७, व्यवसायास १० आणि कुटुंबाच्या मासिक उत्पन्नास १२ गुण अशी तिची रचना. उत्पन्नाचे गट महागाईमुळे जुने होतात; पण किंमत निर्देशांकानुसार ते सुधारता येतात. खरी अडचण बेरजेत आहे.

मूळ कोष्टकात कारकून व दुकानदार, दोघांनाही व्यवसायाचे ५ गुण. पदवीधर कारकुनास शिक्षणाचे ६ व उत्पन्नाचे ४ मिळाले, तर बेरीज १५. शालान्त परीक्षा उत्तीर्ण दुकानदारास ४ व ६ मिळाले, तरी १५च! दोघेही कनिष्ठ मध्यम वर्गात. एका घरी अभ्यासाचे वळण, दुसऱ्या घरी शिकवणीची फी भरण्याची ऐपत. मुलांच्या संपादनावर दोहोंचा परिणाम सारखाच होतो, असे कशावरून मानायचे?

मुस्लिम विद्यार्थ्यांबाबत प्रश्न अधिक बिकट होतो. या समाजात स्वयंरोजगाराचे आणि स्त्रियांच्या घरबसल्या कामाचे प्रमाण अधिक असल्याचे सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने दाखविले आहे. विडी वळणाऱ्या आईची कमाई कोणी सांगितली तरच उत्पन्नात येते. तिच्या व्यवसायाला रकानाच नाही. मदरशातील शिक्षण कोणत्या पायरीवर मांडावे, हेही कोष्टक सांगत नाही. त्या उत्पन्नात चार माणसे जेवतात की नऊ, हेही कळत नाही. निदान प्रबंधात तिन्ही घटकांचे गुण स्वतंत्र द्यावेत आणि कुटुंबाची सदस्यसंख्या शेजारी नोंदवावी.